पहिला धडा कचेरीत की कोर्टात?

कोळवण खोऱ्यात वळकी नदीच्या अंगाला भातखाचरे असलेल्या शेतकऱ्याला वर्षभरात सरकारची किती दारे झिजवावी लागतात, ते पाहण्यासारखे आहे. सातबाऱ्यासाठी तलाठी, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकारी. मोजणीसाठी भूमी अभिलेखचे उपअधीक्षक, खरेदीखतासाठी दुय्यम निबंधक, घरपट्टीसाठी ग्रामपंचायत, विजेसाठी महावितरण. बांधकामाची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी पीएमआरडीएकडे. बांधावरच्या वाटेचे भांडण निघाले की पौडचे तहसीलदार, तिथे समाधान झाले नाही की प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. यातली बहुतेक कामे कोर्टाची पायरी न चढताच संपतात, कधी मनासारखी, कधी नाही.

या कारभाराला बांधणारा कायदा म्हणजे प्रशासकीय कायदा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत तो सक्तीचा विषय आहे. कायद्याची पदवी घेणारा प्रत्येक विद्यार्थी तो शिकतो, लोकप्रशासनाचे विद्यार्थी त्याचा काही भाग शिकतात आणि पुण्यातल्या यशदासारख्या प्रशिक्षण संस्थांत अधिकाऱ्यांनाही त्याची ओळख करून दिली जाते. पण ज्याला हा विषय पूर्ण नवा आहे, त्याला तो कुठल्या टोकाकडून दाखवायचा? न्यायालयांच्या निकालांपासून, सरकारी यंत्रणेच्या रचनेपासून, की दाद मागणाऱ्या माणसापासून? शिकवणाऱ्यांत याबद्दल एकमत नाही.

वाद आला कुठून

या विषयाला जन्मापासून एक संशय चिकटलेला आहे. ए. व्ही. डायसी यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश राज्यघटनेवरचे आपले प्रसिद्ध विवेचन मांडले तेव्हा फ्रान्समधली प्रशासनासाठीची वेगळी न्यायव्यवस्था त्यांना कायद्याच्या राज्याशी विसंगत वाटली. सरकारी अधिकारी असो की सामान्य माणूस, सर्वांना एकच कायदा आणि एकच कोर्ट, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे इंग्रजी परंपरेत प्रशासकीय कायदा हा स्वतंत्र विषय म्हणून उशिरा रुजला आणि रुजला तोही न्यायालयाच्या अंगणात. आपल्याकडे तो त्याच वाटेने आला.

गंमत अशी की हा विषय रुजण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई इलाख्यात प्रशासन न्यायनिवाडा करत होते. मामलेदारांना, म्हणजे आजच्या तहसीलदारांना, कोर्टाचे अधिकार देणारा १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही लागू आहे. जमीन संपादनाचा १८९४ चा कायदा तर मुळशीकरांनी अंगावर झेलला. टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या आणि १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली. त्या वेळच्या कायद्यात संपादनच मुळात नको, अशी हरकत घेऊन सुनावणी मागण्याची तरतूद नव्हती. ती कलम ५-अ च्या रूपाने १९२३ च्या दुरुस्तीने आली, सत्याग्रह सुरू असतानाच. मुळशीमुळेच ती आली असे म्हणायला माझ्यापाशी आधार नाही. पण सुनावणीचा हक्क कायद्यात नसतो तेव्हा काय होते, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यात सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतर विषयाला पुस्तकी घडण मिळाली. इंडियन लॉ इन्स्टिट्यूट १९५६ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दीड दशकात भारतीय निकालांवर उभी राहिलेली पाठ्यपुस्तके येऊ लागली. पुण्याच्या आयएलएस विधि महाविद्यालयाचे प्राचार्य प्रा. सत्यरंजन साठे यांचा प्रशासकीय कायद्यावरचा ग्रंथ त्यांतलाच. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तो वाचून शिकल्या.

निकालांपासून सुरुवात

आज बहुतेक वर्गांत चालतो तो क्रम असा: कायद्याचे राज्य, सत्ताविभाजन, प्रत्यायोजित विधिविधान, नैसर्गिक न्याय, स्वेच्छाधिकार, न्यायालयीन पुनर्विलोकन, न्यायाधिकरणे, लोकायुक्त. प्रत्येक टप्प्यावर निकाल. या पद्धतीची बाजू मजबूत आहे आणि ती टाकून देण्यासारखी मुळीच नाही.

भारतात प्रशासनाच्या कार्यपद्धतीचा एकत्रित कायदा नाही. अमेरिकेत तो १९४६ मध्ये झाला, पश्चिम जर्मनीत १९७६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत २००० मध्ये. आपल्याकडे नोटीस कधी द्यावी, ऐकून कसे घ्यावे, कारणे का नोंदवावी, याचे नियम बरेचसे न्यायाधीशांनी घडवले. तेव्हा निकाल हाच कायदा असेल तर निकालच शिकवावे लागणार, हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

आणि मुंबईने या विषयाला दिलेले निकाल खरोखर शिकवण्यासारखे आहेत. खुशालदास अडवाणी प्रकरणात (१९५०) फाळणीनंतर मुंबईतला एक फ्लॅट सरकारने अधिग्रहित केला होता. तो निर्णय प्रशासकीय की अर्धन्यायिक, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने बारीक रेघ ओढली. ती रेघ क्राइपाक निकालाने १९६९ मध्ये जवळजवळ पुसली. ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचणाऱ्याला कायदा कसा सरकतो ते डोळ्यांनी दिसते. गोरधनदास भानजी प्रकरण (१९५१) अंधेरीजवळच्या एका सिनेमागृहाच्या परवानगीचे. पोलीस आयुक्तांनी दिलेली परवानगी सरकारच्या सांगण्यावरून मागे घेतली गेली. ज्याच्या हाती कायद्याने अधिकार दिला त्यानेच तो स्वतःच्या बुद्धीने वापरला पाहिजे, आणि आदेशाचा अर्थ आदेशातूनच काढायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशातून नव्हे, ही दोन तत्त्वे तिथून निघाली. ‘साहेबांनी वरून सांगितले’ हे वाक्य ज्याने कुठल्याही कचेरीत ऐकले आहे, त्याला हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

ओल्गा टेलिस (१९८५) हे आणखी एक. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना नोटिशीविना हटवण्याचा अधिकार महापालिका कायद्याच्या कलम ३१४ ने दिला होता. न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण नोटीस आणि सुनावणी हाच नियम आणि ती टाळणे हा अपवाद, असे सांगितले. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला मुभा दिली. हा निकाल फक्त गौरवाने शिकवला तर त्याचा अर्धा भाग हातातून निसटतो.

या पद्धतीवर आक्षेप एवढाच, पण तो मोठा आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेले प्रकरण मुळातच अपवादात्मक असते. फक्त अपवाद वाचून तयार झालेला वकील चांगला युक्तिवाद करील, पण रीतसर चाललेली फाईल कशी दिसते हे त्याला माहीत नसेल.

कचेरीपासून सुरुवात

दुसरा पक्ष म्हणतो, आधी यंत्रणा दाखवा. तिला अधिकार कोणी दिला, पैसे कुठून येतात, नियम कोण लिहितो, निर्णय कुठल्या टेबलावर होतो, चूक झाली तर आतल्या आत कोण दुरुस्त करतो. इंग्लंडमध्ये कॅरल हार्लो आणि रिचर्ड रॉलिंग्ज यांनी १९८४ मध्ये या विषयाचे लाल दिवा आणि हिरवा दिवा असे दोन दृष्टिकोन मांडले. लाल दिवेवाल्यांना कायदा प्रशासनाला अडवणारा हवा, हिरव्या दिवेवाल्यांना प्रशासनाकडून चांगले काम करून घेणारा. हार्वर्डने २००६ मध्ये पहिल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात कायदे आणि नियमन हा विषय घातला, त्यामागेही हाच विचार होता.

आपल्याकडे या पद्धतीचे खरे बळ महसुलात दिसते. पौडचे तहसीलदार हे एक पद घ्या. तीच व्यक्ती कार्यकारी दंडाधिकारी असते, महसूल अधिकारी असते, कूळकायद्याखाली शेतजमीन न्यायाधिकरण असते आणि मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली न्यायालयही असते. सत्ताविभाजनाचा धडा पहिल्या आठवड्यात पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे कसे पटवायचे?

त्यासाठी रस्त्याची केस शिकवावी, असे मला वाटते. समजा एकाच्या खाचराकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या गटातून जाते. वाट पूर्वापार वहिवाटीची असेल आणि शेजाऱ्याने काटेरी कुंपण घालून ती बंद केली असेल, तर दावा मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वाट मुळात नसेलच आणि बांधावरून नव्याने हवी असेल, तर अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली. अधिकारी तोच, कचेरी तीच, बहुधा कारकूनही तोच. पण पहिल्यात तो न्यायालय म्हणून बसतो, तिथे अपील नाही, पुनरीक्षण आहे. दुसऱ्यात त्याला शेतकऱ्याची वाजवी गरज पाहायची असते, आणि निर्णयाने दुखावलेल्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. अर्जदाराने चुकीचे कलम लिहिले म्हणून अर्ज फेटाळावा का? स्थळ पाहणीला सामनेवाल्याला बोलावलेच नाही तर पंचनाम्याचे मोल काय? ‘उभय पक्षांना ऐकले, कागदपत्रे पाहिली, सबब अर्ज अमान्य’ एवढाच आदेश निघाला तर तो टिकेल का? अधिकारक्षेत्र, नोटीस, पक्षपात, कारणमीमांसा, पर्यायी उपाय हे सगळे मुद्दे एका वाटेच्या भांडणात सापडतात.

फेरफाराचेही तसेच. खरेदीखत नोंदले की नोंद तलाठ्याकडे येते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत आलीच तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते, नाहीतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. त्यावर अपील प्रांताकडे, ६० दिवसांत. पण प्रमाणित नोंदीने मालकी ठरत नाही. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती फक्त उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा. अधिकाऱ्याच्या अधिकाराला कड असते आणि ती कुठे आहे हे पाहायचे असते, हे शिकवायला सातबाऱ्याइतका ओळखीचा कागद दुसरा नाही.

नियम करण्याच्या सत्तेसाठी तुकडेबंदी आहे. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या हस्तांतरावर बंधन घातले. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने अशा दस्तांची नोंदणीच थांबवली. पुण्याभोवती गुंठ्यांनी जमीन घेणाऱ्या-विकणाऱ्यांची मोठी अडचण झाली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम रद्द केला. कायदा, नियम आणि परिपत्रक यांची उतरंड पाठ करायला लावण्यापेक्षा हे एक प्रकरण पुरते. परिपत्रकामागचा हेतू, म्हणजे शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत, हा मात्र चुकीचा नव्हता, हेही त्याच तासाला सांगायला हवे.

आणि लवासा, खासगी कंपनीने उभारलेला गिरिस्थानाचा प्रकल्प. मुळशी तालुक्यात प्रशासकीय कायदा शिकवणाऱ्याला तो टाळता येणार नाही. १९९६ ची गिरिस्थान विकासाची नियमावली, २००८ मध्ये कंपनीलाच मिळालेला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस, २०११ मध्ये अटींसह मंजुरी, २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जनहित याचिका निकाली काढताना कारभारातल्या गोष्टींवर ताशेरे ओढले, पण दाद मागायला झालेला उशीर लक्षात घेऊन प्रकल्पाला हात लावला नाही. खासगी कंपनीकडे सार्वजनिक सत्ता गेली की तिला कुठले नियम लागू होतात, आणि चूक दिसत असूनही उशिराने उपाय कसा संपतो, हे प्रश्न पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत उरकले जातात.

या पद्धतीवरचे आक्षेपही खरे आहेत. यंत्रणा सतत बदलतात. पीएमआरडीए २०१५ ची, महारेरा २०१७ चे, वीज नियामक आयोग १९९९ चा. एकेकाची ओळख करून देत बसले तर अभ्यासक्रम कार्यालयांची यादी होऊन जातो. शिवाय कायद्याच्या प्राध्यापकाने कचेरीचे कामकाज पाहिलेले असतेच असे नाही, आणि ज्याने पाहिलेले असते तो निवृत्त अधिकारी बहुधा कायद्याच्या वर्गापर्यंत पोचत नाही. लोकप्रशासनाचे विभाग हे विषय शिकवतात, पण एकाच विद्यापीठात विधि विभाग आणि लोकप्रशासन विभाग एकत्र अभ्यासक्रम चालवताना क्वचितच दिसतात. याचे मला खरेच वाईट वाटते.

अर्जदारापासून सुरुवात

तिसरा प्रवाह महाराष्ट्रात चळवळीतून आला. राज्याचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधीचा, २००२ चा. केंद्राचा २००५ चा. त्याच वर्षी बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाई रोखणारा कायदा झाला, ज्यात कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त रेंगाळू नये असे बंधन आहे. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला: ठरलेल्या मुदतीत सेवा, दोन अपिले, वर आयोग, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. या पक्षाचे म्हणणे असे की विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच एक खरा अर्ज लिहावा, पोच घ्यावी, उत्तराची मुदत मोजावी. तत्त्वे त्यातून येतील.

हे वरवरचे वाटेल, पण माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ नीट वाचले तर तसे राहत नाही. पोटकलम (१)(घ) प्रमाणे प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला सांगणे हे प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. न्यायालयांनी कित्येक वर्षे निकालागणिक घडवलेले तत्त्व इथे साध्या भाषेत एका ओळीत छापलेले आहे, आणि तरी बहुतेक वर्गांत ते माहिती अधिकाराच्या प्रकरणात ढकलले जाते, कारणमीमांसेच्या प्रकरणात नाही.

महाविद्यालयांतली विधी सेवा केंद्रे या प्रवाहाला आधार देतात. २०११ च्या राष्ट्रीय विनियमांनुसार विद्यार्थी गावोगावच्या केंद्रांत मदत करू शकतात. आक्षेप दोन. एक, अर्ज लिहिता येणे म्हणजे कायदा येणे नव्हे. मुदतीचे अपील सगळे करतात, पण अधिकारच नसलेल्या आदेशाला कुठे आव्हान द्यायचे हे अर्जाच्या नमुन्यात नसते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सत्र संपले की विद्यार्थी पुण्याला परततो, पण ज्याच्या नावाने अर्ज केला तो कोळवणातच राहतो, त्याच तलाठ्याकडे पुन्हा जातो. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, सत्र संपल्यावर अपील कोण चालवणार, हे आधी ठरवल्याशिवाय असा अभ्यास गावात नेऊ नये.

भाषेचा पेच

निकालांची भाषा इंग्रजी, कचेरीची मराठी. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा, आणि जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ पासून. भाषा संचालनालयाने कोश दिले, महसूल संहितेचे मराठी पाठ उपलब्ध आहेत. तरीही नैसर्गिक न्यायावरचा महत्त्वाचा निकाल मराठीतून चांगल्या गद्यात वाचायला मिळणे दुर्मीळ आहे. काहींच्या मते उच्च न्यायालयात इंग्रजीच चालत असल्याने विद्यार्थ्याने इंग्रजीतच शिकावे. इतरांच्या मते विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची पहिली प्रॅक्टिस तहसील आणि प्रांतासमोर होणार, तिथे ‘नोटिशीची बजावणी’ आणि ‘स्वयंस्पष्ट आदेश’ हे शब्द तोंडात हवेत. दोन्ही बाजूंना आधार आहे. साहित्य मात्र एकाच बाजूला आहे.

काय सुटलेले नाही

पहिले म्हणजे, प्रशासनाच्या कार्यपद्धतीचा एकत्रित कायदा भारतात हवा का, हाच प्रश्न उघडा आहे. तो झाला तर निकालकेंद्री अभ्यासक्रमाचा मुख्य आधार बदलेल.

दुसरे, यंत्रावरचा निर्णय. ई-फेरफार आणि आपले सरकार पोर्टल यांमुळे हेलपाटे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण अर्ज ‘त्रुटी’ दाखवून परत येतो तेव्हा तो निर्णय आहे की नाही, कोणाचा आहे, त्याविरुद्ध अपिलाची मुदत कधी सुरू होते, याची उत्तरे पाठ्यपुस्तकांत अजून धड आलेली नाहीत.

तिसरे, हरकती आणि सूचना. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. मुळशीसह सगळ्या प्रदेशातून हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि शेवटी शासनाने तो आराखडाच रद्द केला. ऐकून घेणे म्हणजे काय, हे व्यक्तीच्या बाबतीत निकालांनी बरेच सांगितले आहे. हजारो लोकांना एका आराखड्यावर ऐकायचे असेल तर त्याचा किमान दर्जा कोणता, यावर शिकवण्याजोगी पक्की तत्त्वे हाताशी कमीच आहेत.

आणि शेवटी परीक्षा. प्रश्नपत्रिका ‘स्वेच्छाधिकार म्हणजे काय, निकालांसह स्पष्ट करा’ असेच विचारत राहिली तर अध्यापनाची पद्धत कोणतीही असो, विद्यार्थी निकालच पाठ करणार. नाव-गाव झाकलेला एखादा खरा महसुली आदेश प्रश्नपत्रिकेत छापावा आणि त्यातले दोष व त्यावरचा उपाय लिहायला सांगावा, हा बदल नवा ग्रंथ किंवा नवे पद न मागता होऊ शकतो. तो करायचा अधिकार विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे आहे.